भिंतीवरच्या अकरा टोप्या

गुन्हेगाराचं नाव आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही माझ्यावर संशय घेत बसणार नाही. आमचे अण्णा. माझे सख्खे वडील. फजिती माझी झाली, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत झाली, पण तिचा पाया अण्णांनी घातला. तोही मान वर न करता, मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघत बघत.

मी विकास. नाव ठेवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला. धाराशिवला डिप्लोमा करत होतो, दुसऱ्या वर्षाला सोडला. का सोडला ते विचारू नका. गावात ज्यानं ज्यानं विचारलं, त्याच्याशी माझं भांडण झालेलं आहे. तेव्हापासून घरी बसून आहे असं लोक म्हणतात, पण ते खोटं आहे. मला बसता येत नाही. ओट्यावरून फाट्यावर, फाट्यावरून शेतात, शेतातून परत ओट्यावर. आई म्हणते ह्याच्या पायाला भिंगरी लागलीय. त्यावर अण्णांचं म्हणणं असं, की भिंगरी निदान एका जागेवर तरी फिरते.

तर झालं असं, की आमच्या दादाचं जमत आलं होतं.

दादा बत्तीसचा. कळंबपासून आठ किलोमीटरवर गाव, शेती बरी, ठिबक केलेलं, दोन म्हशी, सुपारीचंही व्यसन नाही. पण हल्ली पोरीवाल्यांना जावई नोकरीवाला पाहिजे, नाहीतर पुण्यात फ्लॅटवाला पाहिजे. नऊ ठिकाणी नकार आला. दहावं स्थळ परंड्याकडचं, तात्यांनी आणलेलं. तात्या म्हणजे अण्णांचे चुलत भाऊ. दुसऱ्यांच्या जोड्या जुळवायचा त्यांना भारी नाद, स्वतःच्या घरात सुनेशी तीन वर्षं बोलणं नाही. पण स्थळ चांगलं होतं. पोरगी बघून झाली, दोघांची पसंती झाली. दादा आठ दिवस धार काढताना शिट्टी वाजवत होता. म्हशी बिथरल्या.

आता राहिलं होतं फक्त घर बघणं. पोरीकडची चार माणसं रविवारी येणार, घर बघणार, चहा-पोहे खाणार, मनाला आलं तर तिथंच तारीख धरणार. म्हणजे दादाचं सगळं नशीब आमच्या घरावर अवलंबून. आणि आमचं घर कसं? पुढच्या खोलीत खताची पोती, कोपऱ्यात फवारणीचा पंप, रिमोट गादीखाली, कंगवा खिडकीत, आईच्या बीपीच्या गोळ्या देवापुढं. आमच्या घरात वस्तू ठेवत नाहीत, सोडून देतात. रोज सकाळी अर्धा तास सगळं घर चार्जर शोधत असतं.

मी अण्णांना म्हणालो, एक कपाट आणू. ते म्हणाले, तीस वर्षं कपाटाशिवाय संसार केला. मी म्हणालो, त्या संसाराकडं बघूनच म्हणतोय. मग जे व्हायचं ते झालं. शेवटी अण्णा म्हणाले, "लई अक्कल असंल तर घरातल्या घरात कर काहीतरी. बाहेरून काही आणायचं न्हाय."

आता हे आव्हान झालं की नाही? सांगा तुम्हीच.

मोबाईलवर एक बाई असते. जुन्यापान्या वस्तूंपासून घर सजवते. तिचं घर बघितलं की वाटतं, ह्या घरात कुणी जेवत नसणार. ती काहीही फेकत नाही. म्हटलं, फेकत तर आम्हीपण नाही, मग आमचं घर तसं का दिसू नये? कामाला लागलो. तेलाच्या रिकाम्या डब्याला सुतळी गुंडाळली, त्यात चमचे ठेवले. झकास. मग एका बाटलीला सुतळी गुंडाळली आणि वर प्लास्टिकची फुलं खोचली. तीही झकास दिसत होती. फक्त तासाभरात सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं. बाटली कसली होती, ते सुतळीखाली झाकलं गेलं होतं. दादानं सुतळी सोडली तर खाली कवटीचं चित्र. फवारणीचं औषध. अण्णांनी ती बाटली बांधाला नेऊन पुरली आणि येताना मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण मी थांबलो नाही. मुख्य काम राहिलं होतं, भिंतीवरचे खिसे. ती बाई जाड कापडाचे खिसे शिवते, ओळीनं भिंतीला लावते, एकेका खिशात एकेक वस्तू. मला कापड पाहिजे होतं, जाड, आकार धरणारं. मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो आणि डोळे पेटीवर गेले.

ही पेटी समजून घ्या. प्रत्येक घरात असते, तुमच्याही असेल. लग्नात, बारशात, वास्तुशांतीला आहेरात आलेल्या टोप्या, टॉवेल आणि ब्लाउजपीस त्या पेटीत जातात. टोपी आमच्याकडं आता कुणी घालत नाही. अण्णासुद्धा नाही. टोपी फक्त फिरते. ह्याच्या लग्नात आली, त्याच्या लग्नात दिली, त्यानं आणखी कुणाला दिली. काही टोप्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या असतील. जिल्हाभर हिंडल्या, पण पाच मिनिटांवर कुणाच्या डोक्यावर राहिल्या नाहीत. मला त्या पेटीचा पहिल्यापासून राग. नको असलेली वस्तू एकमेकांच्या गळ्यात मारायची आणि त्याला मान म्हणायचं, हे काम आमच्या वडीलधाऱ्यांनाच जमतं.

तरी मी विचारलं. हे लक्षात ठेवा. मी पेटी उघडून अण्णांपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, ह्यातलं घेऊ का भिंतीला?"

"घे, घे," अण्णा म्हणाले. डोळे मोबाईलवर. "आवाज करू नको."

आई घरात असती तर पुढचं काही झालं नसतं. पण आई मावशीकडं येरमाळ्याला गेलेली.

अकरा टोप्या निघाल्या. कडक, पांढऱ्या, खिसा म्हणून जन्माला आल्यासारख्या. मागची बाजू भिंतीला लावून खिळा ठोकला की तोंड वर उघडं राहतं, आत काय पाहिजे ते ठेवा. तीन ओळी केल्या. आणि वस्तू पुन्हा इकडंतिकडं जाऊ नयेत म्हणून प्रत्येक टोपीवर काळ्या मार्करनं, ठळक अक्षरात, नाव लिहिलं. कंगवा. रिमोट. चार्जर. लाईट बिल. गोळ्या. चाव्या. पाना. बॅटरी. पेन. सुई-दोरा. शेवटच्या टोपीला काही उरलं नाही, तिच्यावर लिहिलं 'इतर'. मार्कर धुतला तरी न जाणारा होता. अक्षर माझं चांगलं आहे, डिप्लोमाच्या ड्रॉईंगमध्ये तेवढीच एक गोष्ट सरांना आवडायची.

टॉवेल राहिले होते. त्यांच्या पट्ट्या फाडल्या, वेण्या घातल्या, गोल गोल शिवून दारात पायपुसणं केलं. ब्लाउजपीसचे त्रिकोण कापून दारावर माळ. वर्षभरात पहिल्यांदा मी एका जागेवर चार तास बसलो होतो.

दादाला तर भिंत इतकी आवडली, की तो दर दहा मिनिटांनी उगीच कंगवा काढून भांग पाडत होता. अण्णांच्या चष्म्याची काडी मोडली होती, चष्मा कळंबला दुरुस्तीला. मोबाईल नाकाला लावून बघायचे. त्यांनी भिंतीकडं डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, काहीतरी पांढरं लावलंय, बरं दिसतंय.

रविवार उजाडला. आईची एसटी उशिरा आली. ती गल्लीत पोचली तेव्हा पाहुण्यांची गाडी तिच्या मागंच होती. आई तशीच मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली आणि पोह्याला फोडणी दिली. तिनं पुढची खोली बघितलीच नाही.

पाहुणे चार. पोरीचे वडील, गरीब माणूस, सगळ्याला हो म्हणणारा. पोरीची आत्या, हातात मोठा मोबाईल. मध्यस्थ म्हणून त्यांच्याबरोबर आलेले आमचे तात्या. आणि पोरीचे मामा. सगळं काही मामांच्या शब्दावर, हे तात्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. उंच, ताठ, डोक्यावर इस्त्रीची टोपी. हो, ते घालायचे. रोज. ही गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती.

मामांनी पायपुसण्यावर पाय पुसले आणि खाली बघितलं. आत येऊन बरोबर भिंतीसमोर बसले. एकेक टोपी वाचत गेले. 'इतर' पर्यंत आले आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी जरा दाबून बसवली.

मला वाटलं, माणूस भारावला. मी पुढं होऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं, कशात काय, कसं ठोकलं, किती सोय झाली. 'पाना' लिहिलेल्या टोपीतून पाना काढून दाखवला. मामा म्हणाले, "अस्सं." एवढंच.

बाकी सगळं सुरळीत. पोहे झाले, चहा झाला, आत्यानं घर आवडल्याचं आईला सांगितलं. दादा पाहुण्यांना विहीर आणि म्हशी दाखवायला घेऊन गेला. तात्या जाता जाता अण्णांच्या कानात कुजबुजले, "जमलं म्हणून समजा. आले की टोपी-टॉवेल करा आणि तारीख काढू."

टोपी-टॉवेल. घरी आलेल्या सोयऱ्याला टोपी घातल्याशिवाय परत पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नाही घातली तर तो अपमान. दहा वर्षांनीसुद्धा काढतात.

आई पेटीकडं गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग आईनं मला हाक मारली. इतक्या गोड आवाजात, की मी आधी चपला शोधल्या.

पेटीत डांबराच्या चार गोळ्या होत्या.

मी भिंतीकडं बोट केलं. आईनं भिंत पहिल्यांदा बघितली, तोंडाला पदर लावला आणि खाली बसली. अण्णा धावत आले. गावात टोप्या ठेवणारं एकच दुकान, आणि दुकानदार सासरवाडीला गेलेला. पाहुणे गोठ्याकडून परत निघालेले दिसत होते. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, आणि सरळ भिंतीवरच्या तीन टोप्या खसकन ओढून काढल्या. कंगवा एकीकडं पडला, गोळ्या एकीकडं. टोप्या गुडघ्यावर आपटून झटकल्या.

मी म्हणालो, "अण्णा, त्याच्यावर लिहि—"

"एक शब्द बोलू नको. संध्याकाळपर्यंत मुका राहा."

मी आयुष्यात बापाचं ऐकलं ते ह्या एकाच वेळी. तिथंच घात झाला.

पाहुणे बसले. कुंकू लावलं, हातात नारळ दिला. टॉवेल तर पायपुसण्यात गेलेले. अण्णांनी चष्म्याविना, मोठ्या अदबीनं, एकेकाच्या डोक्यावर टोपी घातली. मामांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली होती, त्यांच्या कपाळावर आलं 'लाईट बिल'. पोरीच्या वडलांच्या 'कंगवा'. तात्यांच्या 'गोळ्या'. अक्षरं उलटी, पण ठळक.

आता गंमत बघा. स्वतःच्या कपाळावरचं कुणाला दिसत नाही, पण समोरच्याचं दिसतं. मामांना 'कंगवा' दिसतोय, वडलांना 'लाईट बिल' दिसतंय, तात्यांना दोन्ही दिसतंय. प्रत्येकाला वाटतंय, अपमान झाला तो बाकीच्या दोघांचा, माझं ठीक आहे. मग उगीच कशाला बोला? तिघंही तशा अवस्थेत बसून पावसावर बोलत होते. भिंतीवर तीन जागा मोकळ्या, आठ टोप्या शिल्लक. मामा एकदा भिंतीकडं बघायचे, एकदा तात्यांच्या कपाळाकडं. दादा खाली मान घालून फरशी मोजत होता. मी मुका.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. पोरीला फोटो पाठवायचा होता तिला. सगळ्यांना जवळ बसवलं, हसायला लावलं, फोटो काढला. मग स्क्रीनवर दोन बोटांनी फोटो मोठा केला.

आत्या हसली ती खालीच बसली. तिच्या हातातला मोबाईल मामांनी घेतला, बघितला, सावकाश टोपी काढली आणि उलटी केली. तिच्यातून एक खिळा पडला, टण करून.

"ह्याला मान म्हणायचा का, पाव्हणं?" मामा म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "न्हाय म्हणायचं तर तोंडानं म्हणावं. माणसाच्या कपाळाला लाईट बिल लावायचं कशाला?"

ते उठायला लागले. पोरीचे वडीलही उठायला लागले. दादाचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. नऊ नकार त्यानं पचवले होते, पण ही पोरगी त्याला खरंच आवडली होती. मी म्हणणार होतो, चूक माझी. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. पण अण्णा पुढं झाले.

"रागावू नका. पोराचं डोकं ठिकाणावर न्हाय."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण अण्णा थांबले नाहीत. धाराशिवला शिकायला ठेवला होता, तिथंच काहीतरी बाहेरचं लागलं, शिक्षण सुटलं ते त्याच्यामुळंच, दिवसभर गावभर फिरतो, एका जागेवर बसत नाही, घरातलं सगळं फाडतो आणि भिंतीला ठोकतो. गंमत म्हणजे ह्यातलं एक बाहेरचं सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. दारात आई पदरानं डोळे पुसत होती. ते खरं रडणं होतं की साथ होती, मला आजही माहीत नाही.

"व्हय व्हय," तात्या म्हणाले, "इलाज चालू आहे." कपाळावर 'गोळ्या' तशाच.

मी दादाकडं बघितलं. दादानं माझ्याकडं बघितलं. हात जोडले नव्हते त्यानं, पण डोळे जोडलेले होते. मी तोंड मिटलं. अण्णांनी मागून मला चिमटा काढला आणि पुटपुटले, "हस." मी हसलो.

मामा खाली बसले. एकदम मऊ. म्हणाले, मग आधी सांगायचं की, आजारपणात लाजायचं काय. त्यांनी मला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. आणि मग निकाल दिला. पोराला पाच रविवार सोनारीला आणायचं, काळभैरवाच्या पायावर घालायचं. मामांचं गाव सोनारीच्या शेजारी, दर रविवारी ते देवळात असतात, स्वतः बघतील. "पोरगा सुधारला की तारीख धरू."

म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आल्याशिवाय दादाचं लग्न नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरात बैठक बसली. मला वाटलं, आता कुणीतरी मला सॉरी म्हणेल. छे. चर्चा ही, की पहिल्या रविवारी किती वेडं दिसायचं. तात्यांचं मत, एकदम बरा झाला तर संशय येईल, दर रविवारी वीस टक्के कमी करावं. अण्णांना ते पटलं. मी म्हणालो, पहिल्याच रविवारी खरं सांगून मोकळं होऊ. अण्णा म्हणाले, खरं सांगितलं तर आपण खोटारडे ठरू. ज्यांचं आयुष्य 'लोक काय म्हणतील' ह्यात गेलं, त्यांच्याशी काय वाद घालायचा?

गेलो. कळंबहून बार्शी, बार्शीहून परंडा, तिथून मिळेल त्या गाडीनं सोनारी. पहिल्या रविवारी मला नाटक करावंच लागलं नाही. तीन गाड्या बदलून माणूस तसाही त्याच अवस्थेत पोचतो. त्यात देवळापाशी माकडं. एकानं माझ्या हातातला नारळ पळवला. मी चिडून त्याच्याशी पाच मिनिटं भांडलो, पार त्याची अक्कल काढली. मागं बघतो तर मामा उभे. दादाला म्हणाले, लई अवघड केस आहे.

दुसऱ्या रविवारी मी विसरून मामांशी ठिबकच्या पाईपवर शहाण्यासारखं बोलायला लागलो. दादानं पाय तुडवला. मग मध्येच थांबून आभाळाकडं बघत बसलो. तिसऱ्याला मामांनी माझ्यासाठी अंगारा आणला, चौथ्याला घरून डबा आणला. वाईट ह्याचंच वाटतं. सगळ्या वडीलधाऱ्यांत माझ्याशी नीट वागलेला एकटा तोच माणूस, आणि त्यालाच आम्ही फसवत होतो.

पाचव्या रविवारी परीक्षा झाली. दर्शन झाल्यावर मामांनी मला पायरीवर बसवलं. डोक्यावरची टोपी काढली, उलटी करून माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "ह्याच्यात काय ठेवायचं?"



"डोकं," मी म्हणालो. "दुसरं काही न्हाय."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच त्यांनी तारीख धरली.

लग्न जोरात झालं. दादा खुश, वहिनी चांगली आहे, तिनं आल्या आल्या घरात खरं कपाट आणवलं आणि अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. फक्त मांडवात सगळे माझ्याशी हळू आणि मोठ्यानं बोलत होते. जेवायला बसलो तर कुणीतरी जिलेबीचे तुकडे करून दिले. वहिनीच्या एका मावसबहिणीनं माझ्याकडं दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघणार तेवढ्यात तिच्या आईनं तिला हाताला धरून दुसऱ्या पंगतीत नेलं.

ती मनातून जाईना. महिनाभर इकडून तिकडं फिरलो आणि शेवटी लाज सोडून तात्यांकडं गेलो. म्हटलं, तुम्ही जोड्या जुळवता, त्या पोरीचं विचारून बघा की.

तात्यांनी माझ्याकडं मोठ्या दयेनं बघितलं. "विक्या, तुझा इलाज चालू होता हे सगळ्यांना ठाऊक आहे रे. असल्या पोराला कोण देणार?"

मी म्हणालो, तात्या, ते खोटं होतं. तुम्हीच तर बोललात.

"असं वाटतंय तुला," तात्या म्हणाले आणि घरात आवाज दिला, ह्याला जरा पाणी आणा.

दादाचं लग्न झालं. माझं कळंब आणि परंडा ह्या दोन्ही तालुक्यांत होणार नाही.